नाक्यावरचं दुकान कोण वाचवतं?

घरचा किराणा नाक्यावरच्या वाण्याकडून घ्यावा की मोठ्या झगमगीत दुकानातून, हा वाद आपल्याकडे मॉल आले तेव्हापासून ऐकू येतो. जणू हा प्रश्न आपल्याच पिढीपुढे पहिल्यांदा उभा राहिला आहे. प्रत्यक्षात तो शंभर वर्षांहून जुना आहे. ज्या अमेरिकेतून अजस्र दुकानांची कल्पना जगभर गेली, त्याच अमेरिकेत या प्रश्नावर मोठी लढाई झाली. तिथे मोर्चे निघाले, कायदे झाले, सर्वोच्च न्यायालयापर्यंत खटले गेले आणि रेडिओवरून आरोळ्याही ठोकल्या गेल्या. त्या लढाईत कोण जिंकलं, कोण हरलं आणि का, हे आपण समजून घेण्यासारखं आहे. कारण आज आपल्याकडे जे उपाय सुचवले जातात ते जवळजवळ सगळे तिथे करून झाले आहेत.

टपालातून आलेलं दुकान

सुरुवात झाली ती टपालाने. १८७२ मध्ये शिकागोच्या माँटगोमेरी वॉर्ड यांनी वस्तूंची किंमतयादी छापून ती शेतकऱ्यांना पाठवायला सुरुवात केली. पुढे सीअर्स कंपनीचा जाडजूड कॅटलॉग खेड्याखेड्यांत पोहोचला. सुईपासून नांगरापर्यंत सगळं त्यात होतं आणि प्रत्येक वस्तूपुढे भाव छापलेला होता. ही छापील भावाची गोष्ट साधी वाटते, पण खेड्यातल्या दुकानदाराच्या दृष्टीने ती भयंकर होती. तोवर भाव त्याच्या तोंडी असे, आणि माणूस पाहून तो बदलत असे.

१८९६ मध्ये अमेरिकी टपालखात्याने खेड्यात घरोघर टपाल पोहोचवायला सुरुवात केली आणि १ जानेवारी १९१३ पासून पार्सलही नेऊ लागलं. गावोगावच्या दुकानदारांनी या पार्सल सेवेला कडाडून विरोध केला होता. 'आपल्या गावातच खरेदी करा' अशा मोहिमा निघाल्या. काही गावांत तर लोकांकडून कॅटलॉग गोळा करून त्यांची होळी करण्यात आली. दुकानदारांचं म्हणणं असं, की बाहेर गेलेला डॉलर परत गावात येत नाही. गावच्या शाळेला, चर्चला, रस्त्याला वर्गणी आम्ही देतो, शिकागोचा व्यापारी देत नाही. हे म्हणणं खोटं नव्हतं. तरीही कॅटलॉग मागवणारे वाढतच गेले.

एका चहाच्या दुकानाची गोष्ट

टपाल निदान दूर होतं. पुढचं संकट मात्र दाराशीच आलं. न्यू यॉर्कमध्ये १८५९ च्या सुमारास चहाच्या व्यापारातून एक पेढी उभी राहिली. तिचं पुढे नाव झालं 'द ग्रेट अटलांटिक अँड पॅसिफिक टी कंपनी'. लोक तिला 'ए अँड पी' म्हणत. १९१२ मध्ये या कंपनीच्या जॉन हार्टफर्ड यांनी जर्सी सिटीमध्ये एक नव्या पद्धतीचं दुकान काढलं. उधारी नाही, घरपोच माल नाही, सजावट नाही, दुकानात एकच माणूस. रोख पैसे द्या, स्वतः पिशवी उचला आणि स्वस्तात न्या. हा प्रयोग इतका चालला की १९३० पर्यंत कंपनीची पंधरा हजारांहून अधिक दुकानं झाली आणि वर्षाची विक्री शंभर कोटी डॉलरच्या पुढे गेली. किराण्याच्या धंद्यात त्याआधी कोणी असा आकडा पाहिला नव्हता.

ही स्वस्ताई कुठून येत होती? काही प्रमाणात काटकसरीतून. पण मोठा भाग घाऊक खरेदीतून येत होता. पंधरा हजार दुकानांसाठी माल घेणारा माणूस कारखानदारासमोर बसला की तो भाव मागत नाही, भाव सांगतो. शिवाय जाहिरातीचा भत्ता, दलालीची सूट अशा नावांनी आणखी काही पैसे सुटत. शेजारच्या किरकोळ दुकानदाराला तोच डबा ज्या भावात मिळे, त्याहून कमी भावात ए अँड पी तो गिऱ्हाइकाला विकू शके. म्हणजे स्पर्धा दुकानाच्या काउंटरवर सुरू होण्याआधीच मागच्या दाराशी संपलेली असे. या प्रश्नाचं मर्म इथे आहे, आणि त्याकडे पुढे पुन्हा यायचं आहे.

रेडिओवरची आरोळी

लुइझियाना राज्यात श्रीव्हपोर्ट गावी डब्ल्यू. के. हेंडरसन नावाचे एक गृहस्थ होते. त्यांच्या मालकीचं केडब्ल्यूकेएच नावाचं रेडिओ स्टेशन होतं. १९२९-३० च्या सुमारास त्यांनी साखळी दुकानांविरुद्ध माइकवरून मोहीमच उघडली. 'हॅलो वर्ल्ड' अशी त्यांची सुरुवात असे, आणि पुढची भाषा आपल्या आकाशवाणीवर मुळीच चालली नसती. रात्री त्यांचा आवाज दक्षिणेतल्या कितीतरी राज्यांत ऐकू जाई. 'मर्चंट्स मिनिट मेन' नावाची संघटना काढून त्यांनी हजारो छोटे दुकानदार गोळा केले, प्रत्येकी बारा डॉलर वर्गणी घेतली. गंमत म्हणजे याच लढवय्याने स्वतःच्या नावाची कॉफी रेडिओवरून श्रोत्यांना विकायला काढली होती. स्थानिक वाण्याचा कैवार घेणारा माणूस वाण्याला वगळून माल विकत होता! दोन-तीन वर्षांत मोहीम विझली, रेडिओ स्टेशनही त्यांच्या हातून गेलं. पण त्यांनी चेतवलेली भावना खरी होती. ती महामंदीची वर्षं होती. गावोगावची दुकानं आणि बँका बुडत होत्या, आणि माणसाला आपलं गाव आपल्या हातातून जातंय असं वाटत होतं.

केवळ दुकानदारच असं म्हणत होते असंही नाही. सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती लुई ब्रँडाइस यांनी १९३३ मध्ये फ्लोरिडा राज्याच्या एका खटल्यात भिन्नमतपत्रिका लिहिली. संपत्ती आणि सत्ता थोड्या कंपन्यांच्या हाती एकवटली तर लोकशाहीला आवश्यक असलेला स्वतंत्र, आपल्या पायावर उभा असलेला नागरिक उरणार नाही, आणि हे रोखण्याचा हक्क राज्यांना असला पाहिजे, असा त्यांचा रोख होता. म्हणजे प्रश्न साखरेच्या भावाचा नव्हता. गावात मालक किती आणि नोकर किती, याचा होता.

कर दुकानांवर, फायदा कोणाला?

मग राज्यांनी कायदे केले. १९२९ मध्ये इंडियाना राज्याने दुकानांवर चढता कर बसवला. एकच दुकान असेल तर वर्षाला तीन डॉलर. वीसहून अधिक असतील तर त्यापुढच्या प्रत्येक दुकानाला पंचवीस डॉलर. सर्वोच्च न्यायालयाने १९३१ मध्ये हा कायदा वैध ठरवला आणि मग वीसहून अधिक राज्यांनी तोच मार्ग धरला. लुइझियानाने तर १९३४ मध्ये देशभरातली दुकानं मोजून कर लावला. कंपनीची पाचशेवर दुकानं असतील तर राज्यातल्या प्रत्येक दुकानामागे साडेपाचशे डॉलर.

आता पाहा काय झालं. कर दुकानांच्या संख्येवर होता, विक्रीवर नव्हता. त्याच सुमारास, ऑगस्ट १९३० मध्ये, न्यू यॉर्कच्या क्वीन्स भागात मायकेल कलन यांनी 'किंग कलन' नावाचं प्रचंड दुकान उघडलं होतं. गिऱ्हाइकाने मोटार घेऊन यावं, स्वतः माल निवडावा आणि ढिगाने न्यावा, अशी पद्धत. हेच ते सुपरमार्केट. ए अँड पी सुरुवातीला या नव्या पद्धतीकडे संशयाने पाहत होती. पण पाच छोट्या दुकानांवर पाच कर भरण्यापेक्षा एक मोठं दुकान काढून एकच कर भरणं कोणालाही परवडणार. कंपनीने हजारो छोटी दुकानं बंद केली आणि त्यांच्या जागी मोजकी अवाढव्य दुकानं काढली. दोन दशकांत दुकानांची संख्या पाच हजारांच्या आत आली, विक्री मात्र वाढतच राहिली. सुपरमार्केटचा जमाना आला तो काही फक्त या करामुळे नाही. मोटारी आणि घरोघरचे फ्रिज यांचाही त्यात वाटा आहे. पण छोट्या दुकानांना वाचवण्यासाठी केलेल्या कायद्याने मोठ्या दुकानांना आणखी मोठं व्हायला धक्का दिला, हे नाकारता येत नाही.

टेक्सासचे काँग्रेस सदस्य राइट पॅटमन यांनी मात्र मर्मावर बोट ठेवलं होतं. जून १९३६ मध्ये त्यांच्या पुढाकाराने रॉबिन्सन-पॅटमन कायदा झाला. त्याचा गाभा असा : एकाच मालासाठी मोठ्या गिऱ्हाइकाला एक भाव आणि छोट्याला दुसरा, असा भेद उत्पादकाने करू नये. खर्चात खरोखर बचत होत असेल तेवढीच सूट द्यावी. खोट्या दलालीच्या नावाखाली पैसे सोडू नयेत. हा कायदा दुकान मोठं आहे म्हणून शिक्षा करत नव्हता. मागच्या दाराचा भाव सगळ्यांना सारखा असावा एवढंच सांगत होता. पुढे १९३८ मध्ये याच पॅटमन यांनी साखळी दुकानं बंदच पाडील असा जबर कर सुचवला. लोक त्याला 'मृत्युदंडाचं विधेयक' म्हणत. ते १९४० मध्ये बारगळलं.

ते का बारगळलं, हेही महत्त्वाचं आहे. कारण तोवर कंपन्या लोकांशी बोलायला शिकल्या होत्या. १९३६ मध्ये कॅलिफोर्नियात पीच फळांचं अमाप पीक आलं, भाव कोसळले. साखळी दुकानांनी देशभर मोहीम काढून ते खपवून दिलं. त्याच वर्षी नोव्हेंबरात त्या राज्यात साखळी दुकानांवरच्या कराचा कौल मतदारांसमोर होता. मतदारांनी कर फेटाळला. शेतकरी, कामगार संघटना, गृहिणी, सगळे हळूहळू कंपन्यांच्या बाजूला गेले. महामंदीत पोट भरायचं असलेल्या बाईला दोन पैसे स्वस्त पीठ देणारं दुकान वाईट आहे, हे पटवून देणं सोपं नव्हतं.

वहीतलं खातं

इथे आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. जुनं स्थानिक दुकान सगळ्यांसाठीच मायेचं होतं असं नाही. अमेरिकेच्या दक्षिणेत कापूस पिकवणारे कृष्णवर्णीय कुळवाडी गावच्या दुकानदाराकडून पिकाच्या तारणावर उधार माल घेत. वही दुकानदाराची, भाव त्याचा, व्याजही त्याचं. वर्ष संपलं तरी कर्ज संपत नसे. दुकानात गोऱ्या गिऱ्हाइकांचं झाल्याशिवाय त्यांच्याकडे कोणी पाहत नसे. अशा माणसाला सीअर्सचा कॅटलॉग म्हणजे सुटकेचा मार्ग वाटला. त्यातला भाव सगळ्यांना सारखा होता आणि टपालाला रंग दिसत नव्हता.

आपल्याला हे परकं वाटायला नको. पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी १२ मे १८७५ रोजी शेतकऱ्यांनी सावकारांची आणि व्यापाऱ्यांची घरं-दुकानं लुटली, कर्जखतं आणि वह्या जाळल्या. दख्खनचे दंगे म्हणून इतिहासात नोंदलेली ही घटना. गावात धान्य विकणारा आणि कर्ज देणारा अनेकदा एकच माणूस असे. म्हणून 'आपला वाणी' म्हणताना आपण कोणत्या वाण्याबद्दल बोलतो, हे विचारायला हवं. अडीअडचणीला महिनाभर थांबणारा वाणी खरा आहे, तसा वहीत आकडा वाढवणाराही खरा होता. स्थानिक असणं म्हणजे आपोआप चांगलं असणं नव्हे.

एकत्र येणारे टिकले

मग छोटे दुकानदार टिकलेच नाहीत का? टिकले, पण जे एकत्र आले ते. १९२६ मध्ये शिकागोत 'इंडिपेंडंट ग्रोसर्स अलायन्स' म्हणजे आयजीए नावाचा संघ निघाला. कल्पना अगदी साधी. दुकान प्रत्येकाचं स्वतःचं, मालक तोच, गल्ल्यावर बसणाराही तोच. पण खरेदी सगळ्यांची मिळून. शेकडो दुकानांची मागणी एकत्र झाली की त्यांचाही शब्द घाऊक बाजारात वजनदार होतो. पाटी एकच, जाहिरात एकत्र, मालकी मात्र वेगवेगळी. आयजीएची दुकानं आजही चालू आहेत. आणि ए अँड पी? काळानुसार बदलायला ती उशीर करत राहिली. २०१० मध्ये दिवाळखोरीत गेली, २०१५ मध्ये पुन्हा गेली आणि त्याच वर्षी तिचं शेवटचं दुकान बंद झालं. जिला बुडवायला कायदे करावे लागले, ती शेवटी आपल्याच वजनाने बुडाली.

पण तोवर तिची जागा घेणारा आला होता. २ जुलै १९६२ रोजी आर्कान्सॉ राज्यातल्या रॉजर्स या छोट्या गावी सॅम वॉल्टन यांनी पहिलं वॉलमार्ट उघडलं. त्यांनी मुद्दाम छोटी गावं निवडली, जिथे मोठे प्रतिस्पर्धी फिरकत नसत. १९९० पर्यंत ती अमेरिकेतली सर्वांत मोठी किरकोळ विक्री कंपनी झाली. आयोवा राज्यातले अर्थतज्ज्ञ केनेथ स्टोन यांनी १९८० च्या दशकापासून तिथल्या गावांचा अभ्यास केला. त्यांना दिसलेलं चित्र सरळ काळंपांढरं नव्हतं. ज्या गावात वॉलमार्ट आलं तिथे बाहेरून गिऱ्हाईक येऊ लागलं, त्यामुळे उपाहारगृहांसारख्या काहींचा धंदा वाढला. वॉलमार्टमध्ये मिळणाराच माल विकणारी दुकानं मात्र मार खाऊ लागली. आणि सगळ्यात जास्त फटका बसला तो आसपासच्या, वॉलमार्ट नसलेल्या छोट्या गावांना. दुकान एका गावात आलं, ओस पडली दुसरीच गावं.

काही ठिकाणी लोकांनी मतदान करून ही दुकानं रोखली. मॅसॅच्युसेट्समधल्या ग्रीनफिल्ड गावाने १९९३ मध्ये तसं केलं. टेक्सासच्या ऑस्टिन शहरात २००२ च्या सुमारास बॉर्डर्स या पुस्तकांच्या साखळीचं दुकान एका स्थानिक पुस्तक दुकानासमोर येणार होतं. स्थानिक दुकानदारांनी एक पाहणी करून घेतली. शंभर डॉलरच्या खरेदीतले साखळीकडून तेरा, तर स्थानिक दुकानाकडून पंचेचाळीस डॉलर शहराच्या अर्थव्यवहारात फिरतात, असं तिच्यात निघालं. पाहणी दुकानदारांनीच करवलेली, म्हणून आकडा जपून घ्यावा. पण त्यामागचं कारण समजण्यासारखं आहे. स्थानिक मालकाचा नफा गावात राहतो, त्याचा हिशेबनीस गावातला, पाटी रंगवणाराही गावातला.

आपल्याकडचा हिशेब

आपल्याकडे ही गोष्ट उशिरा आणि थोड्या वेगळ्या वळणाने आली. मुंबईत गिरणगावात नायगावला १९४८ मध्ये कामगारांच्या सहकारातून 'अपना बाजार' उभा राहिला. १९७५ मध्ये सुरू झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने तर दुकानच मधून काढलं. शेजारच्या कुटुंबांनी गट करायचा, महिन्याची यादी द्यायची, एकत्र आलेला माल सभासदांनी आपसात वाटून घ्यायचा. घाऊक खरेदीचा फायदा गिऱ्हाइकाने एकत्र येऊन स्वतःच मिळवायचा, असा हा मराठी मध्यमवर्गाने काढलेला मार्ग.

मग २००२ मध्ये पवईला पहिलं डीमार्ट आलं. सप्टेंबर २०१२ मध्ये केंद्र सरकारने बहुब्रँड किरकोळ विक्रीत ५१ टक्के परदेशी गुंतवणुकीला परवानगी दिली, तेव्हा देशभर बंद झाले. परवानगी देण्या न देण्याचा अधिकार राज्यांना होता, अटी कडक होत्या, त्यामुळे त्या दाराने फारसं कोणी आलं नाही. वॉलमार्ट आलं ते दुसऱ्या दाराने. २०१८ मध्ये त्याने १६ अब्ज डॉलर देऊन फ्लिपकार्टचा ७७ टक्के हिस्सा घेतला. दरम्यान 'बिग बझार'सारखी देशी साखळी वाढली आणि २०२२ मध्ये कोसळली. आता शहरांत दहा मिनिटांत घरपोच किराणा देणाऱ्या कंपन्या आल्या आहेत, ज्यांचं दुकान गिऱ्हाइकाला दिसतही नाही.

यातली एक घटना मला लक्षात ठेवण्यासारखी वाटते. जानेवारी २०२२ मध्ये महाराष्ट्रातल्या वितरकांनी एका नामांकित कंपनीच्या टूथपेस्टचा पुरवठा थांबवला. मोठ्या कंपन्यांच्या घाऊक व्यवस्थेला आमच्यापेक्षा स्वस्त भावात माल मिळतो, ही त्यांची तक्रार होती. १९३६ मध्ये राइट पॅटमन यांनी मांडलेली तक्रार आणि ही तक्रार, दोन्ही शेजारी ठेवून पाहा. पंच्याऐंशी वर्षांनी, दुसऱ्या खंडात, वाद त्याच मागच्या दारावर येऊन थांबला.

या सगळ्यातून काय घ्यायचं? 'स्थानिक दुकानातून घ्या' हे आवाहन चांगलं आहे, पण केवळ आवाहनावर कोणतंही दुकान टिकलेलं नाही. ज्याच्या घरात महिनाअखेर ओढाताण असते, त्याला पन्नास रुपये जास्त द्यायला सांगण्याचा अधिकार आपल्याला नाही. दुकानांच्या आकारावर आणि संख्येवर कर लावून काय होतं, तेही आपण पाहिलं. टिकाऊ उपाय दोनच दिसतात. मागच्या दाराचा भाव लहानमोठ्याला सारखा राहावा म्हणून कायद्याने लक्ष ठेवावं, आणि लहानांनी खरेदीपुरतं तरी एकत्र यावं. आपल्या राज्याला सहकाराची एवढी मोठी परंपरा असताना एका गावातल्या, एका प्रभागातल्या वीस-पंचवीस किराणा दुकानदारांनी मिळून तेल, साखर, साबण का घेऊ नये?

आणि ज्यांना परवडतं त्यांचं काय? त्यांच्या निवडीला अर्थ जरूर आहे. सणाची मोठी यादी मॉलमधून आणायची आणि रात्री नऊला संपलेल्या दुधाच्या पिशवीसाठी मात्र वाण्याने दुकान उघडं ठेवावं अशी अपेक्षा करायची, हा हिशेब जुळत नाही. दुधाच्या पिशवीवर दुकान चालत नाही, ते चालतं महिन्याच्या यादीवर. म्हणून यादी लिहायला बसाल तेव्हा त्यातलं काय कुठून घ्यायचं, हे एकदा कागद-पेन्सिल घेऊन ठरवा. वाण्याकडे गेलात तर त्यालाही भाव विचारा, बिल मागा, माल नीट पाहून घ्या. त्याच्यावर उपकार म्हणून जाऊ नका. चांगलं गिऱ्हाईक चोखंदळ असतं, आणि दुकान सुधारतं ते अशाच गिऱ्हाइकांमुळे.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)